ड्रमलोरीच्या ओल्या भिंती

मी एक जुनी दगडी हवेली आहे, मित्रांनो, आणि आज मी गोडगोड बोलणार नाही. जुन्या वास्तूंनी आपली कहाणी सांगताना उसासे टाकावेत, गेलेलं वैभव आठवावं, अशी तुमची अपेक्षा असते, ठाऊक आहे मला. पण उसासा टाकायलासुद्धा छाती मोकळी लागते. माझी छाती कित्येक वर्षं कोंडलेली आहे. म्हणून आधी माझा राग ऐका.

पर्थशायरच्या डोंगरातून लोरी नदी जिथे सपाटीला उतरते, तिथे मी उभी आहे. माझं नाव ड्रमलोरी, पण गावातले लोक मला नुसतं 'मोठं घर' म्हणतात. मला बांधलं यूअन रॅटरे नावाच्या लेअर्डनं. लेअर्ड म्हणजे आमच्याकडचा जमीनदार. माझ्या भिंती नदीतल्या आणि रानातल्या ओबडधोबड दगडांच्या. अशा भिंतीला पाऊस अडवता येत नाही, आणि आमचा पाऊस काही सरळ पडत नाही. तो डोंगरावरून आडवा येतो, कोणी तोंडावर फेकावा तसा. माझ्या गवंड्यांनी त्याच्याशी भांडण मांडलंच नाही. त्यांनी चुना भाजला, विझवला, त्यात नदीची वाळू आणि बारीक खडी कालवली आणि तो गिलावा थापीनं भिंतीवर फेकला. लावला नाही, फेकला, सपासप. दगडांच्या खाचाखाचांत जाऊन तो बसला. पाऊस आला की तो भिजायचा, वारा सुटला की वाळायचा. आत शिरलेली ओल ज्या वाटेनं आली त्याच वाटेनं परत जायची. भिजायचं आणि वाळायचं, एवढंच माझं काम होतं, आणि मी ते चोख करत होते.

दर काही वर्षांनी, मेंढ्यांची लोकर कातरून झाली की, वरच्या खोऱ्यातली कुटुंबं मला चुन्याचा नवा हात द्यायला येत. चुन्यात पिवळी माती आणि थोडी चरबी घालत, म्हणून माझा रंग फिकट जर्द. पुरुष शिड्यांवर, बाया बादल्या भरायला, आणि पोरं सगळ्यांच्या पायात.

"डोळे मीट, मेल्या, डोळे मीट! चुना जाईल!" कुठल्यातरी आईची हाक दिवसभर चालू असे.

त्या हाकेइतकं माझ्या आयुष्यात दुसरं काही गोड नव्हतं. ती हाक कशी बंद पडली ते ऐका.

यूअनच्या नातवाला उमगलं की खोऱ्यात माणसांपेक्षा मेंढ्या परवडतात. त्यानं वरची घरं रिकामी करवली. माणसं परत येऊ नयेत म्हणून छपरं पेटवून दिली. काही कुटुंबं जहाजात बसून कॅनडाला गेली, काही ग्लासगोच्या गिरण्यांत, काही कुठे गेली ते कोणालाच माहीत नाही. आणि त्या घरांचे दगड? ते गाडीत भरून माझ्याकडे आणले. साहेबांना पाहुण्यांसाठी पूर्वेकडे नवा भाग बांधायचा होता ना! ज्यांनी मला चुना दिला त्यांचीच घरं माझ्या अंगात चिणली.

त्या दगडांत चुलीमागचे दगडही होते. पिढ्यान् पिढ्यांच्या धुरानं एका अंगाला काळे कुळकुळीत झालेले. गवंड्यानं विचारलं, "साहेब, काळी बाजू आत करू की बाहेर?"

"कुठेही कर," साहेब म्हणाले. "वरून गिलावा येणारच आहे. कोणाला दिसणार आहे?"

मित्रांनो, माझ्यावर झालेला प्रत्येक अन्याय याच एका वाक्यातून निघालेला आहे. कोणाला दिसणार आहे.

पुढे रॅटरे कर्जात बुडाले आणि मी दक्षिणेकडच्या एका दारूवाल्याच्या हाती गेले. तो वर्षातून जेमतेम दोन महिने शिकारीला येई. उरलेले महिने मी दारं-खिडक्या मिटून बसलेली, आणि जिन्याच्या भिंतीवर मेलेल्या हरणांची डोकी. मालकाला पाहून जेवढा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता तेवढाच माझ्या.

मग पहिलं महायुद्ध आलं आणि माझ्यात इस्पितळ आलं. पूर्वेकडच्या खोल्यांत विषारी वायूनं फुप्फुसं जळालेली पोरं ठेवली होती. पोरंच ती, मिसरूड फुटलेली. त्यातला एकजण तळहात भिंतीला लावून नर्सला म्हणाला, "सिस्टर, ही कोरडी आहे हो! कोरडी भिंत कशी असते ते मी विसरलोच होतो." तो वाचला. सगळे वाचले नाहीत, पण ओलीनं एकही गेला नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. त्या वेळी छाती ठोकता येत होती.

इस्पितळ गेलं, मुलींची शाळा आली. गार पाण्यानं अंघोळ, गारढोण ओटची पेज, आणि मोठ्या बाई अशा की त्यांना पाहून दूध नासावं. पण एक गोष्ट मी त्यांच्या नावे कायम जमा धरीन. चुना देणं म्हणजे शिस्त, असं त्यांचं मत होतं. दर काही उन्हाळ्यांनी त्या मुलींच्याच हातात बादल्या देत. मुली एकमेकींना भुतासारख्या पांढऱ्या करून सोडत. खोऱ्यातली माणसं गेल्यावर इतक्या वर्षांनी माझ्या अंगणात पुन्हा "डोळे मीट गं, डोळे मीट!" ऐकू आलं.

नंतर शाळा बंद पडली आणि ड्यूथी आला.

ड्यूथीनं माझं हॉटेल केलं. पाहुण्यांना जाहिरातीतल्या चित्रात शुभ्र महाल दिसला पाहिजे, असं त्याच्या डोक्यात. तो म्हणाला, "सारखा सारखा चुना कोण देत बसणार? एकदाच सिमेंट थापून टाका. जन्माची कटकट गेली." त्याची बायको पायरीवर उभी राहून म्हणाली, "थोडं जुन्यासारखं दिसलं म्हणून काय बिघडतं?" तो म्हणाला, "तुला काही कळत नाही."

कळत त्याला नव्हतं. माझा चुना खरवडून त्यानं भिंतींवर सिमेंटचा जाड थर चढवला आणि वर पांढरा रंग. दोन उन्हाळे मी खरंच सुंदर दिसले. लोक गाड्या थांबवून फोटो काढत. मग थंडीत सिमेंटला केसाएवढ्या चिरा पडल्या. पाऊस आत शिरायला केसाएवढी चीर पुरते. बाहेर पडायला मात्र सगळी भिंत मोकळी लागते, आणि ती वाट आता बंद होती. पाणी येत राहिलं. आणि राहत राहिलं. माझ्या दगडांमधला जुना चुना लगदा झाला. तुळयांची टोकं कुजली. हॉटेलात कुबट वास येऊ लागला, तेव्हा ड्यूथीनं काय केलं म्हणता? आतल्या भिंतींवर फुलाफुलांचा कागद चिकटवला.

हॉटेल बुडाल्यावर एका कंपनीनं मला घेतलं आणि तुकडे पाडून भाड्यानं दिलं. त्या कंपनीतलं माणूस मी कधी पाहिलेलं नाही. येतो तो त्यांचा कारभारी, बॅलेंडिन. चकचकीत बूट, काखेत छत्री.

आणि पूर्वेकडच्या खालच्या खोल्यांत, जिथे इस्पितळातली ती पोरं पुन्हा श्वास घ्यायला शिकली, तिथे शोना राहायला आली. डंडी शहरातल्या कॉलेजात शिकलेली, सडसडीत, कपाळावर कायम एक आठी. नवरा क्रेग समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला. तो तीन आठवडे तिकडे, तीन आठवडे इकडे. आणि एफी, त्यांची मुलगी, अजून शाळेत न जाणारी, सशासारखी.

पहिल्याच हिवाळ्यात एफीला खोकला लागला.

शोनाचं लक्ष म्हणजे काय सांगू! पोर झोपली की ती तिच्या छातीवर हात ठेवून बसे. बरगड्या किती आत जातात, शिट्टीसारखा आवाज येतो का, ओठांचा रंग कसा आहे. रोज सकाळी पलंगामागच्या भिंतीवर काळी बुरशी फुललेली असे. शोना ती पुसून काढी. आधी भिंत, मग एफीचे हात, मग पुन्हा भिंत. दुसऱ्या सकाळी बुरशी हजर. ती माझ्या अंगावरून फडकं फिरवायची आणि मी लाजेनं मरायचे. मला ओरडून सांगायचं होतं, बाई, हे माझं काम नाही! हे माझ्यावर लादलंय!

बॅलेंडिनला बोलावून बोलावून ती थकली तेव्हा तो एकदाचा आला. छताला कप्पीवर टांगलेल्या दोरीकडे त्यानं बोट दाखवलं. तिच्यावर एफीच्या बंड्या वाळत होत्या.

"हे बघा. कपडे घरात वाळवता."

"बाहेर वाळवू? या पावसात?"

"खिडक्या उघडत जा. पेज उकळताना झाकण ठेवत जा. माणसाच्या श्वासानंसुद्धा ओल धरते, बाई."

"मग काय करू? श्वास घेणं बंद करू?"

"मी तसं म्हटलं नाही."

"तिचं होतच आलंय बंद," शोना म्हणाली.

पलंगावर एफी बसली होती. बॅलेंडिननं तिच्याकडे पाहिलं, मग छत्रीकडे. "उन्हाळ्याच्या तोंडावर आम्ही बाहेरून नवा थर देतोय. रबरासारखा, जाड. पावसाचा एक थेंब आत येणार नाही. मग तर झालं?"

थेंब आत येणार नाही म्हणे! अरे, तळं आत आहे! त्या थरानं ते कायमचं आत कोंडलं जाणार होतं, आणि त्या तळ्याच्या काठाला त्या पोरीचा पलंग. मला हात असते तर त्या दिवशी त्याच्या छत्रीचा चुरा झाला असता.

आता ऐका काय झालं ते. एके दुपारी एफी सापडेना. शोना कावरीबावरी होऊन सगळीकडे हाका मारत फिरली. शेवटी पोर सापडली मागच्या कोळशाच्या खोलीत. रिकाम्या पोत्यांवर बसून बाहुलीला चहा पाजत होती. शोनानं तिला उचललं, रागवायला तोंड उघडलं, आणि थांबली. तिनं पोरीच्या छातीला कान लावला. शिट्टी नव्हती.

तिनं भिंतीला हात लावला. तळहाताला पांढरी भुकटी लागली. कोरडी.

दुसऱ्या दिवशी ती एफीला घेऊन पुन्हा तिथे बसली. तिसऱ्या दिवशीही. वरच्या मजल्यावरची नॅन गिलेस्पी खिडकीतून बघत होती. नॅननं तरुणपणी हॉटेलात खोल्या झाडल्या होत्या, आणि माझ्यात काय चाललंय ते माझ्यानंतर तिलाच ठाऊक असे.

"काय गं पोरी, लेकराला कोळशाच्या खोलीत बसवतेस? लोक काय म्हणतील?"

"लोकांना खोकला येत नाही, काकू."

"आमच्या लहानपणी सगळेच खोकायचे. एवढं काय मनावर घ्यायचं!"

"आणि त्यातले किती मोठे झाले?"

 नॅनला लहानपणीच गेलेला पाठचा भाऊ आठवला असावा. थोड्या वेळानं ती चहाचा थर्मास आणि गोडसर स्कोन-पाव घेऊन, गुडघे धरत धरत खाली उतरली.

"काकू, ही भिंत कोरडी कशी?" शोनानं विचारलं.

"ही? हिला सिमेंट लागलंच नाही. ड्यूथी म्हणायचा, मागची बाजू कोण बघतंय, कोळसेवाला. राहू द्या तशीच." एवढं बोलता बोलता नॅनचा हात थर्मासवरच राहिला.  माझ्या ज्या कोपऱ्याला कोणी बघण्यालायक मानलं नाही, तेवढाच कोपरा जिवंत राहिला होता.

त्याच आठवड्यात परांची बांधायला लोखंडी नळ्या आल्या. शोना अंगणात बॅलेंडिनला गाठून सगळं सांगायला लागली. चुना, ओल, कोळशाची खोली. तो हसला.

"म्हणजे सगळ्या भाडेकरूंना कोळशाच्या खोलीत हलवू?"

"निदान माझ्या खिडकीखालचं सिमेंट काढून बघा. एवढंसं."

"बाहेरच्या भिंतीला हात लावायचा नाही. करारात आहे. लावलात तर घर खाली करावं लागेल. सोमवारी थर चढतोय. संपलं."

 शोनाच्या कपाळावरची आठी त्या क्षणी गेली. भीती संपली की माणसाचं कपाळ कसं दिसतं ते मी तेव्हा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं एफीला लोकरीत गुंडाळून ढकलगाडीत बसवलं, नवऱ्याच्या पेटीतून हातोडी आणि छिन्नी काढली आणि माझ्यासमोर उभी राहिली. पहिला घाव नुसता निसटला. दुसऱ्यानं पोकळ आवाज आला. तिसऱ्यानंतर सिमेंटचा टेबलाएवढा पापुद्रा सुटून खाली कोसळला, आणि मागून पाणी आलं. थेंब नव्हे, मित्रांनो. धार. इतक्या वर्षांचं तुंबलेलं, गढूळ पाणी तिच्या बुटांवरून वाहत अंगणात गेलं.

"आई, घर रडतंय," एफी म्हणाली.

नाही गं बाळ. घर थुंकत होतं.

नॅन वरून ओरडली, "अगं ए, वेडी झालीस का! घरातून काढतील तुला!" आणि मग, वाकून खाली पाहिल्यावर, वेगळ्याच आवाजात, "अगंबाई. एवढं पाणी?"

शोना थांबली नाही. आणखी एक पापुद्रा पडला आणि मागून एक दगड दिसला. काळा. ती दचकून मागे सरली. इथेही बुरशी, असंच तिला वाटलं. तिनं सवयीनं फडकं काढलं, पुसलं. जाईना. बोटानं घासलं, वास घेतला.

"काकू," ती हळूच म्हणाली, "ही बुरशी नाही. काजळी आहे. हा कोणाच्या तरी चुलीमागचा दगड आहे."

चिणला गेल्यापासून त्या दिवसापर्यंत तो कोणीच ओळखला नव्हता. दारूवाल्यानं नाही, शाळेच्या बाईंनी नाही, चुना खरवडणाऱ्या ड्यूथीनंही नाही. ज्या दगडाच्या उबेला खोऱ्यातली पोरं निजायची, तो दगड या पोरीच्या उशाशी ओला पडून होता.

बॅलेंडिन आला तेव्हा भोकाचा आकार दारापेक्षा मोठा झाला होता. तो लालबुंद. "ही नासधूस आहे! सोमवारी माझी माणसं हे बुजवून वर थर देणार. आणि तुम्ही बांधाबांध सुरू करा!"

"बूट सांभाळा, साहेब," नॅन म्हणाली. पाणी त्याच्या चकचकीत बुटापर्यंत पोचलं होतं.

सोमवारी माणसं आली तेव्हा भोकासमोर स्वयंपाकघरातली खुर्ची मांडून नॅन बसलेली, मांडीवर घोंगडी, हातात थर्मासचं झाकण. तिच्या एका बाजूला शोना, एफीची गाडी पुढ्यात. दुसऱ्या बाजूला वरच्या बाकीच्या घरांतल्या बाया, आपापल्या पोरांच्या गाड्या घेऊन. त्यांच्याही भिंती काळ्या होत्या. फक्त प्रत्येकीला वाटत होतं की चूक आपल्या कपड्यांच्या दोरीची आहे.

"आजी, जरा उठता का?" मुकादम म्हणाला.

"गुडघे दुखतात रे. तूच उचल."

त्यानं बॅलेंडिनकडे पाहिलं. बॅलेंडिन म्हणाला, "बघतोस काय?" मुकादम म्हणाला, "साहेब, आम्ही थर द्यायला आलोय. म्हाताऱ्या उचलायचं काही बोलणं नव्हतं." आणि तो गाडीत जाऊन सँडविच खात बसला.

थर चढला नाही, मित्रांनो. पण मी जिंकले असं समजू नका. शोनाच्या डोक्यावर घर खाली करायची तलवार अजून टांगलेली आहे. बॅलेंडिन अजून येतो, बूट बदलून. कंपनीतलं माणूस अजून मला दिसलेलं नाही. पण माझं ते भोक उन्हाळाभर उघडं राहिलं, त्यातून वारा गेला, आणि पलंगामागची भिंत हळूहळू सुकत आली. एफीचा खोकला गेला असं म्हणणार नाही. शिट्टी गेली. शोना अजूनही तिच्या छातीवर हात ठेवते, पण आता कधीकधी तशीच, हात ठेवूनच, तिला झोप लागते.

परवा एफीनं त्या काळ्या दगडावर पंजा ठेवला आणि तोच गालाला लावला. गालावर काजळीची पाच बोटं उमटली. शोनाचा हात सवयीनं फडक्याकडे गेला. मग तिनं फडकं खिशात परत ठेवलं.

आता माझं मागणं ऐका, आणि ते मी हात जोडून करत नाही. मला पांढरीशुभ्र करू नका. माझ्यावर फुलाफुलांचा कागद लावू नका. आणि घरात पोर खोकत असेल तर त्याच्या आईला दोष द्यायच्या आधी भिंतीला हात लावून बघा. मागची बाजू सोडली तर माझ्या तिन्ही बाजू अजून बंद आहेत, आत पाणी आहे, आणि नॅन रोज विचारते, "माझ्या खिडकीखालचं कधी?" हातोड्या घेऊन या. मग चुना भाजा, विझवा, नदीची वाळू कालवा. येताना पोरांनाही आणा.

आणि फेकताना त्यांना डोळे मिटायला सांगा.